पन्नाशीत थांबायचं, तर पाणी कुठून?

साकोली तालुक्यातल्या एकोडीसारख्या गावात शाळेच्या एकाच बाकावर बसलेले दोन मित्र आहेत, असं समजू. दोघांचंही वय आज ५०. एक २००० साली जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक झाला. दुसरा त्याच वर्षी गडेगावच्या वाहन कारखान्यात लागला. शिक्षकाच्या बँकेत म्हणावं असं फारसं काही नाही. मुलीचं लग्न आणि घराचं बांधकाम यांत सगळं गेलं. कारखान्यातल्या मित्राकडे पीएफ, पीपीएफ, म्युच्युअल फंड आणि मिळायची ग्रॅच्युइटी असे सगळे मिळून सुमारे ६२ लाख रुपये जमतात. दोघांनाही आता नोकरी पुरे झाली आहे.

गावात कोणालाही विचारा, तो सांगेल की ६२ लाखवाला आधी थांबेल. घडतं उलटंच. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ प्रमाणे २० वर्षांची अर्हताकारी सेवा झाली की ३ महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. त्यामुळे शिक्षक पुढच्या रोवणीपर्यंत घरी आलेला असेल. कारखान्यातला मात्र हिशोब मांडतो, पुन्हा मांडतो आणि सकाळच्या पाळीला निघून जातो.

न दिसणारे सव्वा कोटी

हे कोडं सोडवायला आपल्या झाडीपट्टीतल्या तलावाइतकं चांगलं साधन नाही. पावसाळ्यात पाणी येतं आणि पाळीमुळे अडून राहतं. मग तुडुम उघडला की पाटाने बांधीत जातं. नोकरीतला पगार म्हणजे पाऊस. शिल्लक म्हणजे साठा. निवृत्ती म्हणजे पाऊस कायमचा थांबल्यानंतरची सगळी वर्षं. एरवी तलाव दरवर्षी भरतो, हा मात्र पुन्हा भरणार नाही, म्हणून याचा हिशोब जास्त काटेकोर लागतो.

शिक्षकाचा तलाव रिकामा दिसतो, पण त्याला वरून बारमाही झरा आहे. तो १ नोव्हेंबर २००५ च्या आधी सेवेत लागला, म्हणून जुनी पेन्शन त्याला लागू होते. त्याच्या मागून लागलेले सहकारी २०२३ च्या मार्चमध्ये याच झऱ्यासाठी संपावर गेले होते. समजा त्याची पेन्शन महागाई भत्त्यासह महिन्याला ३५ हजार बसते. म्हणजे वर्षाला ४ लाख २० हजार, आणि महागाई वाढेल तसे वाढणारे. एवढंच उत्पन्न स्वतःच्या साठ्यातून काढायचं असेल तर किती साठा लागेल? वर्षाच्या खर्चाच्या ३० पट धरली तर १ कोटी २६ लाख. ही रक्कम कोणत्याही पासबुकात दिसत नाही, पण ती आहे. ६२ लाखवाला मित्र खरं म्हणजे दोघांतला गरीब.

३० पट कशावरून?

हा आकडा आला अमेरिकेतून, आणि तिथे तो २५ होता. विल्यम बेंगेन नावाच्या अर्थनियोजकाने १९९४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९२६ पासूनचे अमेरिकी शेअर बाजाराचे आणि रोख्यांचे आकडे घेऊन त्याने एकच प्रश्न विचारला: कोणत्याही वर्षी निवृत्त झालेल्या माणसाने पहिल्या वर्षी साठ्यातला किती भाग काढला, आणि पुढे दरवर्षी महागाईइतका वाढवत नेला, तर पैसे ३० वर्षं नक्की पुरतात? उत्तर आलं ४ टक्क्यांच्या आसपास. ४ टक्के काढायचे म्हणजे साठा वर्षाच्या खर्चाच्या २५ पट हवा.

हा नियम जसाच्या तसा उचलून आपल्याकडे लावणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. एक तर पन्नाशीत थांबणाऱ्याला ३० नव्हे, ३५ ते ४० वर्षं काढायची असतात. दुसरं म्हणजे अमेरिकेतली महागाई आणि आपली महागाई सारखी नाही. रिझर्व्ह बँकेचं उद्दिष्ट ४ टक्के, वर-खाली २ टक्के असं आहे. घरखर्चासाठी ६ टक्के धरलेले बरे. तलावातलं पाणी उन्हाने आटतं आणि तळातून पाझरतं, तसं महागाई साठ्याचं करते. ७२ ला महागाईच्या दराने भागलं की खर्च दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील ते कळतं: ७२ भागिले ६ म्हणजे १२. आज ३० हजारांत चालणारं घर बासष्टाव्या वर्षी ६० हजार मागेल. म्हणून इकडे ३० पट धरावी, जमलं तर थोडी जास्तच.

याच सूत्राची दुसरी बाजू गावाकडच्या माणसाच्या फायद्याची आहे. महिन्याचा १ हजाराचा खर्च म्हणजे वर्षाला १२ हजार, आणि त्याच्या ३० पट ३ लाख ६० हजार. घरचा तांदूळ, स्वतःचं छप्पर आणि परसातला भाजीपाला यांनी महिन्याचे ५ हजार वाचत असतील, तर १८ लाखांचा साठा कमी लागतो. नागपूरला फ्लॅटमध्ये राहणाऱ्याच्या आणि एकोडीत राहणाऱ्याच्या निवृत्तीत पगारापेक्षा हा फरक मोठा असतो. ‘लवकर निवृत्ती’वरच्या पुस्तकांत यावर फारच कमी लिहिलेलं असतं, कारण ती लिहिणारे बहुतेक शहरात राहतात.

कोणता तुडुम कधी उघडतो?

साठा किती आहे यापेक्षा तो कधी काढता येतो, हा प्रश्न पन्नाशीत जास्त टोचतो. आपल्या देशातल्या बहुतेक निवृत्ती योजना ५८ किंवा ६० हे वय डोळ्यासमोर ठेवून आखल्या आहेत. ज्याला ५० ला थांबायचं आहे त्याला आठ-दहा वर्षं अशी काढावी लागतात की तलावात पाणी दिसतंय, पण तुडुम बंद आहे.

पीपीएफ याला अपवाद आहे. सरकारने ही योजना १९६८ मध्ये आणली. तिला वयाशी देणंघेणं नाही, फक्त वर्षांशी आहे. खातं उघडल्याच्या आर्थिक वर्षानंतर १५ वर्षं पूर्ण झाली की सगळे पैसे मोकळे. म्हणून बत्तिसाव्या वर्षी उघडलेलं खातं अठ्ठेचाळिसाच्या आसपास पिकतं, मग तुम्ही नोकरीत असा वा नसा. मुदत ५-५ वर्षांनी वाढवता येते. नवी भर न घालता वाढवलं, तर वर्षातून एकदा हवी ती रक्कम काढता येते, आणि उरलेल्यावर व्याज चालू राहतं. व्याजदर २०२० च्या एप्रिलपासून ७.१ टक्के आहे आणि व्याजावर कर नाही. वर्षाला कमीत कमी ५०० रुपये भरून खातं जिवंत ठेवता येतं. पैसे नसले तरी पंचविशीत खातं उघडून ठेवावं, कारण घड्याळ त्या दिवसापासून सुरू होतं.

नोकरदारांच्या पीएफचे दोन भाग असतात, आणि पासबुक बघणारे बरेचसे दोन्ही एकच समजतात. तुमचे १२ टक्के पूर्ण पीएफमध्ये जातात. मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के पेन्शन योजनेत वळतात, आणि तेही १५ हजारांच्या वेतनावरच, म्हणजे महिन्याला फक्त १,२५० रुपये. पीएफचा भाग नोकरी सुटल्यावर काढता येतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या केंद्रीय मंडळाने ठरवलं की ७५ टक्के लगेच आणि उरलेले १२ महिन्यांनी मिळावेत. पैसे तिथेच ठेवले तर व्याज मिळत राहतं, पण नोकरी सुटल्यानंतरचं व्याज करपात्र असतं, हे पुष्कळांना नोटीस आल्यावर कळतं.

पेन्शनचा भाग ५८ ला सुरू होतो. १० वर्षांची सेवा असेल तर पन्नाशीनंतरही मागता येतो, पण ५८ ला जितकी वर्षं कमी, तितक्या वर्षांमागे ४ टक्के कपात. सूत्र असं: पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. १५ हजार आणि २५ वर्षं घातली तर ५,३५७ रुपये येतात. सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या वर्षांसाठी वेतनमर्यादा ६,५०० होती, म्हणून २००० साली लागलेल्याच्या हाती प्रत्यक्षात त्याहून कमी पडतात.

एनपीएस १ मे २००९ पासून सगळ्या नागरिकांसाठी खुली झाली. खर्च कमी आणि करसवलत चांगली, पण ती मुळात साठीसाठी बांधलेली आहे. साठीच्या आत बाहेर पडणाऱ्याला साठ्यातला मोठा भाग वार्षिकीत घालावा लागण्याची अट दीर्घकाळ होती. वार्षिकी म्हणजे विमा कंपनीला एकरकमी पैसे द्यायचे आणि त्याबदल्यात आयुष्यभर ठरावीक रक्कम घ्यायची. ही रक्कम सहसा महागाईबरोबर वाढत नाही. या योजनेचे बाहेर पडण्याचे नियम वारंवार बदलतात, म्हणून सही करण्याच्या आठवड्यातले नियम वाचावेत.

चौकट: पैसे मोकळे होण्याचं वय

म्युच्युअल फंड, मुदत ठेव: कोणतंही वय
पीपीएफ: वयाची अट नाही, खात्याची १५ वर्षं
ग्रॅच्युइटी: नोकरी सोडताना, ५ वर्षांच्या सेवेनंतर
पीएफ: नोकरी सुटल्यावर, टप्प्याटप्प्याने
पीएफ पेन्शन: ५८, कपातीसह ५०
ज्येष्ठ नागरिक बचत योजना: ६०; नोकरीतून निवृत्त झालेल्यांना ५५ पासून
एनपीएस, अटल पेन्शन: मुख्यतः ६०

पहिल्याच वर्षी दुष्काळ पडला तर

३१ जानेवारी २०२० या एका दिवशी बीएसएनएलचे सुमारे ७८ हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी गेले. अट होती वयाची ५० वर्षं. देशात एकाच वेळी एवढी माणसं ठरवून लवकर निवृत्त झाल्याची उदाहरणं थोडी असतील. पुढच्या सात-आठ आठवड्यांत कोरोना आला आणि २३ मार्चपर्यंत सेन्सेक्स एक तृतीयांशाहून अधिक खाली गेला. त्यांतल्या ज्यांनी हातात आलेले पैसे फेब्रुवारीत शेअरमध्ये घातले असतील आणि मार्चमध्ये घरखर्चासाठी विकले असतील, त्यांचं नुकसान कायमचं झालं. ज्यांना विकावं लागलं नाही, त्यांच्यासाठी बाजार नोव्हेंबरपर्यंत पूर्वीच्या पातळीवर परतला होता.

इथे एक गोष्ट चटकन पटत नाही, म्हणून आकडे घालून पाहू. दोघांकडे प्रत्येकी १ कोटी आहेत. तीन वर्षांत बाजार एकदा २५ टक्के पडतो, एकदा १० टक्के आणि एकदा ३० टक्के चढतो. काहीच काढलं नाही तर क्रम कसाही असो, दोघांचेही १ कोटी ७ लाख २५ हजार होतात. आता दोघंही दरवर्षाच्या सुरुवातीला ६ लाख काढतात. ज्याच्या वाट्याला पडझड आधी आली आणि ३० टक्क्यांची चढण शेवटी, त्याच्याकडे तीन वर्षांनी सुमारे ८४ लाख ४४ हजार उरतात. ज्याच्या वाट्याला तीच वर्षं उलट क्रमाने आली, त्याच्याकडे ९१ लाख ३७ हजार. बाजार तोच, खर्च तोच, फरक ७ लाखांचा. नोकरीत असताना घसरण आली तर स्वस्तात खरेदी होते. निवृत्तीच्या पहिल्या वर्षांत आली तर स्वस्तात विक्री होते.

यावरचा उपाय जुना आहे. शेताजवळची बोडी वेगळी आणि वरचा मोठा तलाव वेगळा. तीन वर्षांचा घरखर्च मुदत ठेवीत किंवा डाकघराच्या मासिक उत्पन्न योजनेत ठेवायचा (एका नावावर ९ लाखांपर्यंत, संयुक्त १५ लाखांपर्यंत). त्यानंतरच्या पाच-सात वर्षांचा पीएफ-पीपीएफसारख्या ठिकाणी. शेअरमध्ये फक्त तेच पैसे, ज्यांना दहा वर्षं हात लागणार नाही. बाजार चांगला असेल त्या वर्षी वरच्या तलावातून बोडी भरून घ्यायची, वाईट असेल तर बोडीवर भागवायचं.

फोनमध्ये असलेली, पण न वापरलेली अवजारं

लवकर निवृत्तीसाठी एखादं खास अॅप हवं, अशी समजूत आहे. माझ्या मते सगळ्यात उपयोगी अवजार म्हणजे साधी स्प्रेडशीट, आणि तिच्यातलं ‘एक्सआयआरआर’ नावाचं फंक्शन. कोणत्या तारखेला किती पैसे गेले, किती आले, एवढं भरलं की खरा वार्षिक परतावा निघतो. उदाहरणार्थ, एका पारंपरिक विमा योजनेत दरवर्षी ५० हजार असे २० हप्ते भरले आणि विसाव्या वर्षाअखेर १६ लाख मिळाले. १० लाखांचे १६ लाख! एजंट साठ टक्के नफा सांगतो. फंक्शन सांगतं ४.३ टक्के, म्हणजे महागाईपेक्षाही कमी.

पैसे कुठे कुठे पडले आहेत हे शोधायची सोयही आता आहे. पीएफचं पासबुक ‘उमंग’वर दिसतं, कंपन्या बदलल्या असतील तर सगळी खाती एका यूएएन क्रमांकाखाली आणून घ्यावीत. म्युच्युअल फंडांचं एकत्रित विवरण पॅनवर ईमेलने मागवता येतं. आई-वडिलांच्या विसरलेल्या बँक ठेवी रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर शोधता येतात. ते ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झालं.

फंड निवडताना मी दोनच गोष्टी आधी बघतो. फंड निफ्टी ५० सारख्या निर्देशांकामागे चालणारा आहे का, आणि योजना ‘डायरेक्ट’ आहे का. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाला मध्यस्थाचं कमिशन नसलेली डायरेक्ट योजना ठेवावी लागते. महिन्याला १० हजार, २० वर्षं: ११ टक्क्यांनी सुमारे ८६ लाख ६० हजार, १० टक्क्यांनी ७५ लाख ९० हजार. एका टक्क्याच्या खर्चाची किंमत दहा लाखांहून जास्त.

आणि ‘दाम दुप्पट’वाल्यांना मोजायला सरकारी फूटपट्टी आहे. किसान विकास पत्रात पैसे ११५ महिन्यांत दुप्पट होतात, ७.५ टक्क्यांनी. कोणी तीन वर्षांत दुप्पट म्हणाला तर ७२ भागिले ३, म्हणजे वर्षाला २४ टक्के. सेबीने २०१४ मध्ये ज्या पीएसीएल कंपनीला पैसे परत करायला सांगितलं, तिने ४९ हजार कोटींहून अधिक रक्कम लहान लहान गुंतवणूकदारांकडूनच उभी केली होती.

दवाखान्याचा खर्च

नोकरी सुटली की कंपनीचा आरोग्य विमा त्या महिन्यात संपतो. नव्या पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी प्रतीक्षा कालावधी असतो. २०२४ पासून तो जास्तीत जास्त ३ वर्षं आहे. म्हणून ५० ला थांबायचं असेल तर स्वतःची पॉलिसी ४७ लाच घ्यावी, कंपनीची असली तरी. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी आहे आणि तिची मर्यादा ५ लाखांची आहे, पण ती ठरावीक उपचारांना आणि संलग्न रुग्णालयांतच चालते. ती जोडीला असावी, एकटी पुरत नाही.

धान पिकवणाऱ्याचं काय?

त्याला निवृत्तीचं वयच नाही. पंतप्रधान किसान मानधन योजना २०१९ मध्ये आली: २ हेक्टरपर्यंतचे शेतकरी, वय १८ ते ४०, महिन्याला ५५ ते २०० रुपये हप्ता, साठीनंतर ३ हजार पेन्शन. अटल पेन्शन योजनेत अठराव्या वर्षी सुरुवात केली तर ५ हजारांच्या पेन्शनसाठी महिन्याला २१० रुपये लागतात, चाळिसाव्या वर्षी तेच १,४५४. दोन्ही ठीक आहेत, पण रक्कम ठरलेली आहे आणि महागाई थांबलेली नाही. शेतकऱ्याची खरी लवकर निवृत्ती म्हणजे कंबर मोडायच्या आत बांध्या ठेक्याने किंवा बटईने देणं. ते उत्पन्न पावसावर अवलंबून असतं, म्हणून हिशोबात निम्मंच धरावं.

कारखान्यातल्या मित्राचा कागद

आता त्याचे ६२ लाख मोडून पाहू. पीएफ ३५ लाख, पीपीएफ १२, फंड ११. ग्रॅच्युइटी: मूळ वेतन ३० हजार गुणिले १५, भागिले २६, गुणिले २५ वर्षं, म्हणजे ४ लाख ३३ हजार. घरखर्च वर्षाला ३ लाख ६० हजार. साठा खर्चाच्या फक्त सव्वासतरा पट. पूर्ण थांबायला पुरेसा नाही.

पण कारखाना सोडून साकोलीत वायरिंगची कामं घेतली आणि थोडी शेती ठेक्याने दिली, त्यातून महिन्याला १५ हजार आले, तर साठ्यातून वर्षाला १ लाख ८० हजारच काढावे लागतात. तोच साठा एकदम साडेचौतीस पट होतो. हा मार्ग मला पूर्ण निवृत्तीपेक्षा जास्त खरा वाटतो. गावात काम पूर्णपणे सोडलेला पन्नाशीतला धडधाकट माणूस फारसा सुखात दिसतही नाही.

मग त्याचा कागद असा होतो: ५० ते ५३ वरखर्चाला ग्रॅच्युइटी आणि थोडा पीपीएफ; ५३ पासून पीएफमधून काढलेल्या ठेवी; फंडांना साठीपर्यंत हात नाही. ५८ ला पीएफची पेन्शन, कपातीविना. ६० ला वायरिंगची शिडी चढणं बंद झालं, की उरलेल्या साठ्यातून ज्येष्ठ नागरिक बचत योजना. आजच्या ८.२ टक्क्यांनी तिथे ३० लाखांवर दर तिमाहीला ६१ हजार ५०० रुपये मिळतात.

शिक्षक मित्राला यातलं काही करायचं नाही. त्याला फक्त दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा आहे.